आधी ताट मोजा, मग शेकर हलवा: शाकाहारी व्यायामासाठी प्रोटीन शेक

खान्देशातलं शाकाहारी जेवण व्यायाम करणाऱ्याला पुरत नाही, असं सांगून जिममध्ये प्रोटीनचे डबे खपवले जातात. यात अर्धंच खरं आहे. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, फुणके (डाळीचे वाफवलेले मुटके), उडदाची डाळ, शेंगदाण्याची चटणी, ताक या सगळ्यात प्रोटीन भरपूर आहे. अडचण प्रमाणाची आहे. वजनं उचलणाऱ्याला जेवढं लागतं तेवढं बहुतेक घरांत एका दिवसात पोटात जात नाही. शेक ही तूट भरण्यासाठी घ्यायचा. म्हणून डबा आणण्याआधी तूट किती आहे ते काढा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. आठवड्यातून तीन-चार दिवस वजनांचा व्यायाम करणाऱ्याने किलोमागे १.६ ग्रॅम धरावं. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण १०४ ग्रॅम.

आता ताट. सकाळी पोहे आणि चहा, ६ ग्रॅम. दुपारी दादर ज्वारीच्या दोन भाकरी (मिळून ११० ग्रॅम पीठ) ११, वाटीभर वरण ७, वांग्याचं भरीत २, दोन चमचे शेंगदाण्याची चटणी ५, पेलाभर ताक ३. संध्याकाळी पाव लिटर दूध ८. रात्री ताटभर तुरीच्या डाळीची खिचडी १२ आणि लहान वाटी दही साडेतीन. बेरीज जेमतेम ५८. तूट ४६ ग्रॅमची.

ही सगळी तूट शेकने भरायची म्हटलं तर रोज दोन शेक लागतील आणि ते खिशाला परवडणार नाही. निम्मी तूट ताटातच भरते. कोरडे सोया चंक्स ४० ग्रॅम घेतले तर २० ग्रॅम प्रोटीन मिळतं. १०० ग्रॅम पनीर १८ ग्रॅम देतं. आपल्याकडच्या फुणक्यांकडे व्यायाम करणारी मुलं बघतही नाहीत, याचं वाईट वाटतं. भिजवून भरड वाटलेली डाळ, तिचे मुटके, वाफवलेले, वर गरम कढी. ६० ग्रॅम कोरड्या डाळीच्या फुणक्यांत १३ ग्रॅम प्रोटीन येतं, तळणाचं तेल शून्य. कळण्याची भाकरीही तशीच गुणाची. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालाचे उडीद घातले की पिठातलं प्रोटीन १० टक्क्यांवरून साडेबाराच्या आसपास जातं. शिवाय ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते उडीद पुरवतात. शेवभाजी मात्र या हिशोबात धरू नका. शेव बेसनाची असली तरी तिच्यात तेल फार, आणि प्रोटीनसाठी तेवढी खायची तर पोट बिघडेल.

ताट सुधारल्यावर उरते २०-२५ ग्रॅमची तूट. तिथे दिवसाला एक शेक पुरतो.

डबा घेताना

व्हे म्हणजे दूध फाटल्यावर उरणाऱ्या पाण्यातलं प्रोटीन, गाळून आणि सुकवून केलेलं. त्यामुळे दूध चालणाऱ्याला ते चालतं. तरी डब्यावर हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका बघाच. हे पाणी बहुधा चीज बनवताना निघतं, आणि तिथे दूध गोठवायला कधी कधी प्राण्यापासून मिळणारं रेनेट वापरतात, आणि काही मिश्रणांत अंड्याचा पांढरा भागही असतो. घरी पनीर केल्यावर उरलेलं पाणी पिऊन व्हे मिळतं असा समज आहे. त्या पाण्यात प्रोटीन एक टक्क्याहूनही कमी असतं. कणीक भिजवायला ते छान, शेकची जागा घेऊ शकत नाही.

व्हेचे दोन प्रकार मिळतात. कॉन्सन्ट्रेटमध्ये १०० ग्रॅम पावडरीत ७० ते ८० ग्रॅम प्रोटीन असतं, आयसोलेटमध्ये ९० च्या आसपास. आयसोलेट महाग, पण त्यात लॅक्टोज (दुधातली साखर) नावापुरतंच. दूध पचत असेल तर कॉन्सन्ट्रेट घ्या. दूध अजिबात नको असेल तर सोया किंवा वाटाण्याचं प्रोटीन चालतं. वाटाण्याचं असेल तर शेकचं माप ३० ऐवजी ३५ ग्रॅम करा.

डब्याच्या पुढच्या बाजूचे मोठे आकडे सोडा, मागचा तक्ता वाचा. ‘दर १०० ग्रॅममध्ये’ या रकान्यात प्रोटीन ७० च्या खाली असेल तर पैसे दुसऱ्याच कशाचे तरी जात आहेत. गेनरच्या (वजन वाढवण्याच्या पावडरीच्या) मोठ्या पिशव्यांत दर शंभराला बहुधा १५-२० ग्रॅम प्रोटीन आणि बाकी बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून केलेलं स्वस्त पीठ असतं. पोट सुटतं, दंड तेवढाच राहतो. घटकांच्या यादीत पहिलं नाव व्हेचं हवं. त्याच यादीत ग्लायसिन किंवा टॉरिन दिसलं तर डबा परत ठेवा. ही स्वस्त अमिनो आम्लं घालून तपासणीत प्रोटीनचा आकडा फुगवता येतो.

किंमत ताडायला सोपा हिशोब आहे. डब्याची किंमत भागिले डब्यातलं एकूण प्रोटीन. एक किलोच्या डब्यात दर शंभराला ७५ ग्रॅम असेल तर भागायचं ७५० ने. दोन डबे असे शेजारी ठेवले की ‘ऑफर’ लगेच कळते.

नकली मालाचा धोका खरा आहे. रिकामे डबे पुन्हा भरले जातात. झाकणाखालचं सील, १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक, डब्यावर आणि खोक्यावर एकच बॅच नंबर, कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येणारा कोड, हे सगळं पाहा आणि पक्कं बिल घ्या. जिममध्ये कुणी सुटी पावडर पिशवीत बांधून देत असेल तर ती कितीही स्वस्त असो, घेऊ नका. तिच्यात काय मिसळलंय ते कुणीच सांगू शकत नाही.

मिसळण्याची रीत

आधी पाणी, मग पावडर. उलट केलं की तळाशी लगदा बसतो आणि घासूनही निघत नाही. शेकरमध्ये माठाचं २५० मिली पाणी घ्या, वरून ३० ग्रॅम पावडर, मग जाळी किंवा तारेचा गोळा, झाकण, वीस-पंचवीस सेकंद हलवणं. दोन मिनिटं ठेवलं की फेस खाली बसतो. गरम दुधात व्हेच्या गुठळ्या होतात, कारण उष्णतेने ते गोठतं. हळद-दुधासारखं गरमागरम प्यायची इच्छा असेल तर दूध आधी कोमट होऊ द्या.

डब्यातल्या मापाच्या चमच्यावर, म्हणजे स्कूपवर, विसंबू नका. प्रवासात पावडर दबते आणि तोच स्कूप कधी २६ ग्रॅम भरतो, कधी ३५. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर एकदा मोजून स्कूपवर मार्करने रेघ मारून ठेवा.

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो. घरी सकाळी बनवलेला शेक पिशवीत घालून नेला तर दोन तासांत आंबूस वास येतो. कोरडी पावडर लहान डबीत न्या, पाणी तिथेच घाला. पिऊन झाल्यावर शेकर लगेच थंड पाण्याने विसळा, मग साबण. आधीच गरम पाणी ओतलं तर प्रोटीन प्लास्टिकला चिकटतं. वास राहतो तो झाकणाच्या आट्यांत आणि रबरी कडीखाली, म्हणून ती कडी काढूनच धुवा. डबा पत्र्याच्या खोलीत किंवा गॅसजवळ नको, फ्रिजमध्येही नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. पावसाळ्यात ओला चमचा गेला की आठवडाभरात ढेकळं.

शेक नेमका व्यायामानंतर अर्ध्या तासात घेतला नाही तर वाया जातो, हे खरं नाही. दिवसाची बेरीज महत्त्वाची. ज्या जेवणात प्रोटीन सगळ्यात कमी, त्याच्या जोडीला घ्या. वरच्या ताटात ती जागा सकाळच्या पोह्यांची आहे.

घरची पावडर

डबा परवडत नसेल किंवा नकोच असेल तर ही करा. सोलून घेतलेले फुटाणे २५० ग्रॅम, सोयाबीन १२५, साय काढलेल्या दुधाची पावडर १२५. एकूण अर्धा किलो, त्यात सुमारे १४५ ग्रॅम प्रोटीन.

सोयाबीन कच्चं दळायचं नाही. त्यात ट्रिप्सिन हे प्रोटीन पचवणारं पाचकद्रव्य रोखणारा घटक असतो, त्यामुळे प्रोटीन पचत नाही आणि पोटात गुबारा धरतो. धुऊन सहा-सात तास भिजवा, उकळत्या पाण्यात २०-२५ मिनिटं शिजवा, चोळून सालं काढा, कडक उन्हात खडखडीत वाळवा आणि मंद आचेवर खमंग भाजा. आपल्याकडचं उन्हाळ्याचं ऊन या कामाला फार चांगलं. थंड झाल्यावर फुटाण्यांबरोबर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा, मैद्याच्या चाळणीने चाळा, शेवटी दूध पावडर मिसळा. गिरणीवर देऊ नका. इतकं थोडं दळण आधीच्या ज्वारीत मिसळून येतं. शेंगदाणे यात घालायचा मोह होतो, पण ते तेल सोडतात, पावडर गोळा होते आणि लवकर खवट होते. हवेच असतील तर पिताना कूट घाला.

५० ग्रॅम पावडर, २५० मिली गार दूध, अर्धं केळं, चिमूटभर वेलची. २२-२३ ग्रॅम प्रोटीन होतं. फुटाण्याचं पीठ पाणी धरतं, म्हणून दहा मिनिटांत प्या, नाहीतर पिठलं होईल. पावडर हवाबंद डब्यात, दोन-तीन आठवड्यांत संपवायची.

केळ्याबद्दल थोडं. रावेर-यावलचं केळं कितीही मोठं असलं तरी त्यात प्रोटीन एक-दीड ग्रॅमच. ते ताकदीसाठी खायचं, आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्यांना तर ते शेकइतकंच गरजेचं आहे. १६०० मीटर धावायला लागणारी ऊर्जा भाकरी, भात आणि केळ्यातून येते. धावण्याआधी पाऊण तास एक केळं, शेक नंतर. उपाशीपोटी फक्त शेक पिऊन मैदानावर गेल्यास शेवटच्या फेरीत पाय उचलत नाहीत.

काय बिघडतं

पोट फुगणं, गॅस ही नेहमीची तक्रार. पहिला आठवडा अर्धं माप घ्या, दुधाऐवजी पाण्यात. तरी त्रास राहिला तर लॅक्टोज हे कारण समजून आयसोलेट किंवा सोया प्रोटीन घ्या. बद्धकोष्ठ झालं तर शेकमुळे जेवण कमी झालंय का ते पाहा. पावडरीत चोथा नसतो, तो भाकरी आणि भाजीतूनच येतो. पाणी वाढवा. वजन वाढतंय पण ते कमरेभोवती, असं दिसलं तर शेक ताटावर वरून चढतोय. म्हशीचं दूध, दोन केळी, मूठभर काजू, वर आइस्क्रीम, असा पेला प्रोटीन शेक म्हणून घेऊ नका.

शाकाहाऱ्यांनी दोन गोष्टींची वेगळी काळजी घ्यावी. बी १२ कोणत्याही डाळीतून मिळत नाही, दुधातून थोडं मिळतं. थकवा, हातापायांना मुंग्या असतील तर रक्त तपासा. आणि मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंत क्रिएटिन (झटक्याच्या जोरासाठी स्नायू वापरतात तो घटक) कमी असतं, त्यामुळे रोज ३ ते ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेटचा उपयोग त्यांना चांगला जाणवतो. ते शेकमध्येच टाकता येतं. ते चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या तपासणीत बघतात तो आकडा) थोडं वाढलेलं दिसू शकतं, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगा.

मूत्रपिंडाचा आजार असेल, मधुमेह जुना असेल, मुतखडा वारंवार होत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रोटीन वाढवू नका. अठराच्या आतल्या मुलांना डब्याची गरज नाही. दूध, उसळ, फुणके आणि वेळेवर झोप त्यांना पुरते.

दर चार आठवड्यांनी वजन, कमरेचा घेर आणि बैठकांना उचललेलं वजन लिहून ठेवा. कमर तेवढीच आणि उचललेलं वजन वाढतंय, तर माप बरोबर आहे. दोन्ही जागच्या जागी असतील तर शेक वाढवण्याआधी ताटाची बेरीज पुन्हा करा. बहुतेक वेळा दुपारचं वरण किंवा रात्रीचं दही सुटलेलं असतं.