'गेट'चे अर्थ पाठ करू नका, आधी आपलं मराठी वाक्य नीट बघा

माझी भाची यंदा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा संध्याकाळी वही घेऊन आली, त्यात 'गेट' (get) या एका इंग्रजी शब्दाचे तीसेक अर्थ लाल पेनानं उतरवलेले, आणि विचारते कशी, मामा हे सगळं पाठ करायचं का? मी म्हणलं अजिबात नाही, वही मिट आणि आज दिवसभरात तू मराठीत काय काय बोललीस ते सांग. तिथनं जे शिकवलं तेच इथं लिहितोय, कारण आपल्याकडची बरीच पोरं याच शब्दाला अडतात आणि त्यांची चूक हुशारीची नसते, पद्धतीची असते.

पद्धत एवढीच की 'गेट'च्या मागं पुढं काय आलंय ते बघायचं, अर्थ तिथं असतो.

पुढं वस्तू आली तर अर्थ मिळणे किंवा आणणे. 'आय गॉट अ जॉब', मला नोकरी मिळाली. 'गेट मी सम शेंगा चटणी', येताना मला शेंगा चटणी आण. यात आपली अडचण वेगळीच आहे बघा, आपण सोलापुरात वस्तूलाही सर्रास 'भेटली' म्हणतो, पुस्तक भेटलं, तिकीट भेटलं, मग पोरं बिनधास्त लिहितात 'आय मेट द टिकेट'. माणूस भेटला तर मीट, वस्तू भेटली तर गेट, हे एकदा डोक्यात बसवा. दुसरं, मराठीत 'मला' मिळतं पण इंग्रजीत ज्याला मिळतं तोच वाक्याचा मालक, त्यामुळं सुरुवात 'आय'नंच करायची, 'टू मी'नं नाही.

पुढं गुण किंवा अवस्था आली तर अर्थ होणे. मार्चमध्ये दुपारी बाहेर पडलं की आपण म्हणतो 'लई गरम होऊलालंय', ते नेमकं 'इट इज गेटिंग हॉट'. 'इट इज हॉट' म्हणजे गरम आहे, झालेलं आहे. होऊलालंय मधली जी चालू क्रिया आहे ती 'गेटिंग'नं येते. गेट टायर्ड, गेट वेट, गेट लेट सगळे याच घरातले. मात्र कुणी टीचर झालं, डॉक्टर झालं तर तिथं 'बिकेम'च, कारण 'शी गॉट अ टीचर' म्हणजे तिला शिक्षक मिळाला. आणि लग्न झालं म्हणजे 'गॉट मॅरिड', पण आपण 'अमक्याशी' लग्न म्हणतो म्हणून 'विथ' लावायचा मोह होतो, तिथं 'टू' येतं.

पुढं जागा आली तर पोचणे. 'आय गॉट टू द स्टेशन अ‍ॅट सिक्स'. होम आणि देअरच्या आधी टू लागत नाही. एसटीत, रेल्वेत चढलं तर गेट ऑन, उतरलं तर गेट ऑफ, रिक्षा आणि कारला मात्र गेट इन, गेट आऊट. साधारण जिथं आत उभं राहून चालता येतं तिथं ऑन. बाईकच्या आत कुणी जातच नाही, तिच्यावर बसतात, म्हणून तिलाही ऑनच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इथं जरा थांबा. आपण म्हणतो 'मी काल केस कापले'. कापले कुणी, न्हाव्यानं. 'मी ब्लाऊज शिवला' म्हणणारी बाई तो शिंप्याकडं टाकून आलेली असते, 'मी गाडी दुरुस्त केली' म्हणणारा मेकॅनिकच्या दुकानात स्टुलावर बसलेला असतो. मराठीत हे चालतं, ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत 'आय कट माय हेअर' म्हणलं की तुम्ही स्वतः कात्री घेतली असा अर्थ निघतो. म्हणून वाक्याला 'करून घेतलं' लावून बघा, लागलं तर गेट वापरा, आणि क्रम असा, गेट मग वस्तू मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'आय गॉट माय हेअर कट', 'आय गॉट माय बाईक रिपेअर्ड'. माणसाचं नाव घ्यायचं असेल तर 'आय गॉट द मेकॅनिक टू रिपेअर इट', हा 'टू' विसरायचा नाही. हे एक जमलं तरी तुमचं इंग्रजी ऐकायला एकदम वेगळं लागतं, मी खात्रीनं सांगतो.

समानार्थी शब्दांचं आता. गेट हा जुन्या नॉर्स भाषेतनं आलेला, छोटा, घरातला शब्द. रिसीव्ह, ऑब्टेन, अ‍ॅक्वायर हे लॅटिनचे, फ्रेंचमार्गे आलेले, म्हणून भारदस्त. आपल्यात मिळणे आणि प्राप्त होणे यात जो फरक तोच. चहा कुणाला प्राप्त होत नाही, पण दुकानातला पेमेंटचा डबा 'रुपये प्राप्त झाले' म्हणतो, तिथं रिसीव्ह. समोरच्यानं दिलं, आपल्याकडं आलं, एवढंच त्यात असतं. ऑब्टेन म्हणजे खटपट करून मिळवलेलं, मार्कशीटवर 'मार्क्स ऑब्टेन्ड' छापलेलं असतं ते आठवा, परवानगी, दाखला यांनाही हाच. अ‍ॅक्वायर म्हणजे ताब्यात घेणं किंवा हळूहळू कमावणं, रस्त्यासाठी जमीन घेतात त्याला लँड अ‍ॅक्विझिशन म्हणतात ना, तेच क्रियापद, कौशल्यालाही चालतं. फेच म्हणजे जाऊन घेऊन येणं. नोकरीच्या अर्जात शक्यतो रिसीव्ह, ऑब्टेन, अ‍ॅक्वायर, बोलताना गेट. बोलताना 'आय ऑब्टेन्ड अ कप ऑफ टी' म्हणू नका.

सराव करायचा तर रात्री झोपताना दिवसातली पाच मराठी वाक्यं लिहा, मिळालं, झालं, पोचलो, आणलं, करून घेतलं, प्रत्येकाचं एक. भाचीचं कालचं पाचवं वाक्य होतं 'मी आईकडून चादरी धुवून घेतल्या'. लिहिलंन 'आय गॉट माय मदर टू वॉश द चादर्स'. बरोबर होतं. शेजारी मी फक्त दुसरी रीत लिहिली, 'आय गॉट द चादर्स वॉश्ड', आणि सांगितलं की पुढच्या वेळी धुणारी तू असलीस तर नुसतं 'आय वॉश्ड' लिही.