होस्टिंगचं खातं कायमचं बंद करताय? बटण दाबण्याआधी या चुका टाळा

वरुड-मोर्शीकडचा संत्रा बागायतदार, समुद्रपूर तालुक्यात वायगाव हळद विकणारी शेतकरी कंपनी, ताडोब्याच्या मोहर्ली गेटजवळचा होमस्टे. यांच्यापैकी कित्येकांनी कधीतरी हौसेनं वेबसाइट काढलेली असते. पुढे गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवरच येऊ लागतं. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवलेल्या सर्व्हरच्या जागेचं, बिल मात्र थांबत नाही, उलट पहिल्या वर्षीची सवलत संपली की ते दुप्पट-तिप्पट होतं. मग वैतागून एखाद्या रात्री ‘कॅन्सल’ दाबलं जातं. दाबायला दोन मिनिटं लागतात, पण त्या खात्यात साइटशिवाय मेल, डोमेन (साइटचं नाव), डीएनएस (ते नाव कुठल्या सर्व्हरकडे जातं याच्या नोंदी) आणि ऑटोपे असं चार दाव्यांनी बांधलेलं सामान असतं. ते आधी सोडवलं नाही, तर साइटबरोबर तेही जातं.

डोमेन आणि होस्टिंग एकच समजणं

डोमेन म्हणजे सातबारा आणि होस्टिंग म्हणजे माल ठेवायला भाड्यानं घेतलेली खोली. खोली सोडली तर सातबारा जात नाही. पण दोन्ही एकाच कंपनीच्या एकाच खात्यात असतील आणि तुम्ही ‘होस्टिंग प्लॅन’ऐवजी अख्खं ‘अकाउंट’ डिलीट केलं, तर डोमेनचा ताबाही हातून जाऊ शकतो. हे दोन पर्याय पडद्यावर बरेचदा शेजारी-शेजारी असतात. नीट वाचा.

त्याआधी सातबारा कोणाच्या नावावर आहे ते बघा. तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरवाल्यानं साइट बनवून दिली असेल, तर डोमेनधारक म्हणून बरेचदा त्याचंच नाव आणि त्याचाच मोबाइल नंबर असतो. डोमेनच्या ‘कॉन्टॅक्ट’ विभागात हे दिसतं. आधी ते स्वतःच्या नावावर करून घ्या. मग डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे) न्यायचं असेल तर ट्रान्सफर लॉक उघडून ऑथ कोड (डोमेन हलवण्याचा गुप्त कोड) मागवा. डॉट कॉमसारख्या डोमेनचा कोड रजिस्ट्रारनं पाच दिवसांत द्यावा, असा नियम आहे. नवं घेतलेलं डोमेन पहिले ६० दिवस हलवता येत नाही. ट्रान्सफरला पाच-सात दिवस धरा आणि ते पूर्ण झाल्याचा मेल आल्याशिवाय होस्टिंगला हात लावू नका.

साइट नको असली तरी डोमेन लगेच सोडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हळदीच्या पाकिटांवर, संत्र्याच्या खोक्यांवर छापलेला क्यूआर कोड त्याच पत्त्यावर जातो. डॉट कॉमचं मुदत संपलेलं डोमेन नूतनीकरणासाठी मिळणारा जादा काळ उलटला की ३० दिवस ‘रिडेम्प्शन’मध्ये राहतं आणि त्या काळात परत घ्यायला भरमसाट दंड लागतो. त्यानंतर पाच दिवसांनी ते कोणीही घेऊ शकतं. जुनी, गुगलला ओळखीची नावं उचलून त्यावर सट्ट्याच्या साइट चालवणारे टपूनच बसलेले असतात. होस्टिंग बंद करा, पण डोमेन दोन वर्षं तरी राखा. त्याचा वर्षाचा खर्च होस्टिंगपेक्षा बराच कमी असतो.

मेलचा विचार शेवटी करणं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. डोमेनच्या नावाचा ‘इन्फो’वाला ईमेल बहुतेकदा होस्टिंगच्याच सर्व्हरवर असतो. खातं बंद झालं की पेटीसकट सगळं गेलं. आणि तोच पत्ता जीएसटी पोर्टलवर, बँकेत, अन्न परवान्यात, शेतकरी कंपनी असेल तर कंपनी निबंधकांकडच्या नोंदीत दिलेला असतो. आधी प्रत्येक ठिकाणी पत्ता बदला. जीएसटीत ईमेल-मोबाइल बदलणं ‘नॉन-कोअर’ दुरुस्तीत येतं. त्याला अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. त्यामुळे हे काम एका बैठकीत उरकतं.

याहून फसवी गाठ म्हणजे होस्टिंग कंपनीतल्या तुमच्या खात्याचा लॉगिन ईमेलही त्याच डोमेनवरचा असणं. मग बंद करण्याच्या पुष्टीची लिंक, परताव्याचा मेल, सगळं तुम्ही नुकत्याच पाडलेल्या पेटीत येतं. लॉगिनसाठी जीमेलसारखा वेगळा पत्ता लावा आणि ओटीपीचा नंबर चालू सिमचा आहे ना, तेही बघा. रिचार्ज न केलेलं जुनं सिम इथे हमखास आडवं येतं.

जुने मेल ठेवायचे असतील तर थंडरबर्ड हे कॉम्प्युटरवरचं मेल-अ‍ॅप वापरा, पण आयमॅप पद्धतीनं जोडून ‘आले सगळे’ म्हणून थांबू नका. आयमॅप सर्व्हरचा आरसा असतो. सर्व्हर गेला की आरशातलंही जाऊ शकतं. सगळे मेल निवडून ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करा, इंटरनेट बंद करा आणि दोन-चार जुने मेल जोडपत्रासह उघडून पाहा.

बॅकअप घेतला, पण सर्व्हरवरच ठेवला

सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पडद्यावर) ‘फुल बॅकअप’ घेतला की फाइल तयार होऊन त्याच सर्व्हरच्या होम डिरेक्टरीत पडते. कणगी भरली आणि घरासकट विकली, त्यातला हा प्रकार. ती आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायची असते. शिवाय ही फुल बॅकअपची फाइल साध्या सीपॅनेलमधून परत चढवता येत नाही, त्याला होस्टिंग कंपनीकडचे अधिकार लागतात. म्हणून ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरची झिप आणि तिथल्याच पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून डेटाबेसची एसक्यूएल फाइल वेगळी घ्या. नुसती झिप घेतली तर वर्डप्रेसचे फोटो मिळतील, पण मजकूर मिळणार नाही. तो डेटाबेसमध्ये असतो.

जागा भरत आलेल्या प्लॅनवर बॅकअप अर्धवट बनतो, कारण झिपलाही तेवढीच मोकळी जागा लागते. आधी जुने बॅकअप, कॅशे आणि कचरापेटी साफ करा. गावच्या टॉवरवर तीन जीबीची फाइल ब्राउझरमधून उतरवायला गेलात तर लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. फाइलझिला हे फाइली उतरवायचं सॉफ्टवेअर तुटलेल्या जागेपासून पुढे सुरू करू देतं. रात्री अकरानंतर लावा, नाहीतर तालुक्याला जाऊन ब्रॉडबँडवर काम उरका. उतरल्यावर सर्व्हरवरची आणि आपल्याकडची फाइल किती बाइट्सची आहे ते ताडून पाहा. एसक्यूएल फाइल नोटपॅडमध्ये उघडून ‘पोस्ट्स’च्या टेबलात ओळी भरलेल्या आहेत का, ते पाहा. मोठा डेटाबेस कधीकधी मध्येच तुटतो आणि तसा इशाराही देत नाही. खात्री हवी असेल तर झॅम्पवर (आपल्याच कॉम्प्युटरला सर्व्हर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) साइट चालवून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

त्याच वेळी सगळी बिलंही उतरवा. होस्टिंगच्या बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. नोंदणीकृत व्यावसायिकाला हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. खातं गेलं की बिलं मागायला दारच राहत नाही.

डीएनएसच्या नोंदी विसरणं

‘आमचा मेल झोहोवर आहे, आम्हाला काय’ असं म्हणणारेही इथे अडकतात. मेल बाहेर असला तरी नेमसर्व्हर (डीएनएसच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) होस्टिंग कंपनीचेच असतील, तर एमएक्सच्या, म्हणजे मेल कुठे पोचवायचा त्याच्या, नोंदी तिच्याकडेच असतात. खातं बंद झालं की मेल येणं थांबतं. झोन एडिटरमधल्या ए, सीनेम, एमएक्स, टीएक्सटी अशा सगळ्या नोंदी उतरवून घ्या, रजिस्ट्रारकडे किंवा क्लाउडफ्लेअर या डीएनएस सेवेच्या फुकट खात्यात भरा, नेमसर्व्हर बदला आणि ४८ तास थांबा. बंद होणाऱ्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याकडे जाणारी ए नोंद मात्र काढून टाका. तो आयपी उद्या दुसऱ्याला मिळाला, तर तुमच्या नावावर त्याची साइट उघडेल.

आणि ‘अ‍ॅडऑन डोमेन’ची, म्हणजे त्याच खात्याला जोडलेल्या इतर डोमेनची, यादी बघा. गावच्या शाळेची किंवा साळ्याच्या जिनिंगची साइट त्याच खात्यात टाकलेली असते आणि ती कोणाच्या ध्यानात नसते.

ऑटो-रिन्यू बंद म्हणजे खातं बंद, असं धरणं

कार्ड काढलं, बिल भरलं नाही, तर खातं ‘सस्पेंड’ होतं. डेटा काही काळ तिथेच पडून राहतो, थकबाकीचे मेलही येत राहतात. रीतसर रद्द करण्याची विनंती द्यावीच लागते. त्यात ‘ताबडतोब’ आणि ‘मुदत संपल्यावर’ असे दोन पर्याय असतात. ताबडतोब निवडलं तर फाइली त्याच दिवशी पुसल्या जाऊ शकतात. परतावा बहुतेक ठिकाणी खरेदीपासून पहिल्या ३० दिवसांतच मिळतो आणि डोमेनचे पैसे त्यात धरत नाहीत. तो काळ उलटला असेल तर घाई कशाला, मुदत संपू द्या.

एसएसएल (साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र), मेल, मालवेअर तपासणी ही जोडकामं वेगळ्या बिलावर असतात, ती एकेक करून रद्द करा. पुष्टी आल्यावर यूपीआय अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’त जाऊन मँडेटही (आपोआप पैसे कापायची परवानगी) काढा. कार्डावरच्या ई-मँडेटला पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना येते. तो संदेश जाहिरात समजून पुसू नका.

वेळही साधा. संत्रावाल्यांनी अंबिया बहाराच्या तोडणीचे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराच्या तोडणीचे फेब्रुवारी-मार्च हे महिने टाळावेत. ताडोब्याचा गाभा जुलै ते सप्टेंबर बंद असतो, तेव्हा होमस्टेवाल्यांना निवांत सापडतं. विनंती सोमवार-मंगळवारी सकाळी टाका, म्हणजे काही अडलं तर सपोर्टवर माणूस भेटतो. तिकीट नंबर आणि बंद झाल्याचा मेल जपून ठेवा, गुगलच्या व्यवसाय प्रोफाइलमधून साइटची लिंक काढा, आणि पुढच्या नूतनीकरणाची जी तारीख होती त्या दिवशी बँकेचं पासबुक एकदा पाहा.