गाडी घरी ठेवून मंडळींना नॅशनल पार्कात नेताना या चुका टाळा

मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध शंभर चौरस किलोमीटरहून मोठे जंगल टिकून आहे, त्यात बिबटे आहेत, तुळशी आणि विहार हे तलाव आहेत, आणि तरीही सुट्टीच्या सकाळी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या दारात गाड्यांचीच रांग लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते. शेजारच्या सोसायट्यांतील कुटुंबांना लोकल, मेट्रो आणि पायी अशा मार्गाने तेथे नेताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्या इतरांना टाळता याव्यात म्हणून लिहीत आहे.

पहिली चूक निमंत्रणातच होते. आम्ही प्रदूषणावर चार परिच्छेद लिहिले आणि वाट मात्र सांगितलीच नाही. लोकांना आईला किती चालावे लागेल आणि मुलांना घेऊन रस्ता कोठून ओलांडायचा, हे आधी कळायला हवे असते. म्हणून सरळ लिहावे: बोरिवली स्थानकात पूर्वेला उतरावे, तेथून महामार्गाच्या दिशेने साधारण वीस मिनिटे चालावे किंवा रिक्षा करावी. 2022 मध्ये सुरू झालेल्या मेट्रो 7 वर ‘राष्ट्रीय उद्यान’ याच नावाचे स्थानक आहे आणि जानेवारी 2023 पासून ही मार्गिका अंधेरीच्या गुंदवलीपर्यंत पोहोचल्याने घाटकोपरकडून येणाऱ्यांना एकदाच गाडी बदलावी लागते, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते.

भेटण्याची जागा प्रवेशद्वारापाशी ठेवणे ही दुसरी चूक. दारात भेटायचे म्हटले, की ज्याच्याकडे गाडी आहे तो गाडीनेच येतो. स्थानकाच्या पूर्वेकडील तिकीटखिडकीजवळ भेटायचे ठरवल्यापासून आमच्या गटातील गाड्या जवळजवळ बंद झाल्या.

सर्वांत महागात पडते ती मात्र उद्यानाच्या आतली वाट. कान्हेरी लेणी प्रवेशद्वारापासून सहा-सात किलोमीटर आत आहेत आणि रस्ता चढाचा आहे. एका एप्रिलमध्ये मी परतीची बस मिळेलच असे गृहीत धरले होते. लेणी पाहून आम्ही खाली आलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता, बस नव्हती, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या झाल्या होत्या आणि सत्तरीच्या एक काकू पायरीवर बसून पदराने वारा घेत होत्या. “पुढच्या वेळी आम्ही आपली गाडीच आणू,” असे त्यांचा मुलगा शांतपणे म्हणाला आणि त्याचे काहीच चुकले नव्हते. तेव्हापासून कान्हेरीच्या बसची, विशेषतः परतीच्या शेवटच्या फेरीची, चौकशी मी आदल्या दिवशी करतो आणि त्या दिवशी दारात पुन्हा करतो. ज्येष्ठ मंडळी असतील आणि बसची खात्री नसेल, तर कान्हेरीचा हट्ट सोडून प्रवेशद्वाराजवळच्या सपाट भागातच फेरी आखावी. सायकली भाड्याने घेणार असाल, तर पैसे देण्यापूर्वी दोन्ही ब्रेक दाबून चाक जागच्या जागी थांबते का ते पाहावे आणि मुलाचे पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली घ्यावी, कारण खरी परीक्षा परतीच्या उतारावर होते.

दिवस ठरवतानाही लक्ष असू द्यावे. सोमवारी उद्यान बंद असते आणि रविवारी पश्चिम रेल्वेवर जम्बो ब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास रुळांवरची वाहतूक बंद, असू शकतो. तसा तो असेल तर मेट्रोचा पर्याय आधीच कळवावा.

शाळा खासगी बस करतात, ते वीस गाड्यांपेक्षा निश्चितच बरे. पण मुले उद्यानात असताना एसीसाठी इंजिन तासन्‌तास सुरू राहिले, तर त्या बचतीतले बरेचसे वाया जाते. इंजिन बंद ठेवण्याची अट बस ठरवतानाच घालावी. ऐन वेळी चालकाशी वाद घालणे योग्य नाही.

पायी जाणाऱ्यांची एक अडचण गाडीवाल्यांना येत नाही, ती माकडांची. हातातली पातळ पिशवी दिसली की माकड ती ओढणारच. खाऊ सॅकमध्ये, चेन लावून ठेवावा आणि माकडांना काहीही खायला घालू नये, कारण एकदा सवय लागली की ती पुढच्या प्रत्येक मुलाच्या हाताकडे धावतात.

परतण्याची वेळ अंधार पडण्यापूर्वीची ठेवावी, तिन्हीसांजेनंतर हा रस्ता बिबट्यांचा असतो. स्थानकावर पोहोचल्यावर माणसे मोजावीत आणि जे पहिल्यांदाच लोकलने आले असतील, त्यांनाच पुढच्या खेपेचा वाटेचा मजकूर लिहायला सांगावा. कोठे चुकल्यासारखे वाटले, हे त्यांना अजून आठवत असते.