घरसभेत मत्तय 18 कसा घ्यावा

घरसभेत दया आणि न्याय या विषयावर बोलायची पाळी आली, तर एक वचन दयेचं आणि एक न्यायाचं अशी जोडी शोधत बसू नका. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय घ्या. मी आमच्या बहिणींच्या सभेत तो बऱ्याचदा घेतला आहे. शिवाय नोकरी पतसंस्थेच्या कर्जविभागात झाल्यामुळे त्यातलं देणंघेणं मला फार जवळचं वाटतं. नव्याने सभा चालवणाऱ्यांसाठी माझी पद्धत लिहिते.

सुरुवात 21व्या वचनापासून करू नका, जरी पेत्राचा प्रश्न तिथे असला तरी. अख्खा अध्याय वाचा. वचनं 35च आहेत, तिघीचौघींत वाटून द्या. लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवलेलं बरं, असं येशू इथेच म्हणतो. लगेच पुढे शंभरातलं एक हरवलेलं मेंढरू शोधायला मेंढपाळ निघतो. मग अपराध करणाऱ्या भावाला आधी एकांतात सांगा, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत न्या, तरीही नाही तर मंडळीला कळवा, हा क्रम येतो. पेत्र विचारतो ते त्यानंतर: किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? त्याला उत्तर देऊन येशू दाखला सांगतो: राजा एका दासाचं प्रचंड कर्ज माफ करतो, आणि तोच दास बाहेर पडून आपलं थोडं देणं लागणाऱ्या सोबतीच्या दासाचा गळा धरतो, त्याला तुरुंगात टाकतो. एवढं सगळं कानावरून गेल्याशिवाय दाखल्याला हात घातला, तर ‘क्षमा करा आणि विसरा’ एवढंच घेऊन बायका घरी जातात. अध्यायात तसं कुठेही म्हटलेलं नाही.

‘साताच्या सत्तर वेळा’ या उत्तराशी थोडं थांबा आणि उत्पत्ती 4:24 वाचून घ्या. तिथे काइनाचा वंशज लामेख आपल्या बायकांपुढे सत्त्याहत्तर पट सुडाची फुशारकी मारतो. येशूच्या उत्तराचा मूळ ग्रीक अर्थ ‘सत्त्याहत्तर वेळा’ असाही होतो. सुडाचा तो जुना आकडा येशूने क्षमेला लावला.

आता कागदपेन्सिल घ्या. हे टाळू नका, दाखल्याचा जीव आकड्यांत आहे. एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एक तलांत म्हणजे साधारण सहा हजार दीनार. पहिल्या दासाचं देणं दहा हजार तलांत, म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. एकही सुट्टी न घेता राबला तरी एक लाख चौसष्ट हजार वर्षं. आजची मजुरी रोज 500 रुपये धरली तर तीन हजार कोटी. इतिहासकार योसेफस सांगतो की हेरोद अंतिपाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला दोनशे तलांत महसूल मिळे. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या अख्ख्या मुलखाचा पन्नास वर्षांचा महसूल या एका दासाच्या नावावर थकलेला! आणि दुसऱ्या दासाचं देणं? शंभर दीनार. त्याच दराने पन्नास हजार रुपये. ही रक्कम क्षुल्लक आहे असं मात्र कोणालाही म्हणू देऊ नका. मजुराच्या घरात पन्नास हजार म्हणजे तीन-साडेतीन महिन्यांची चूल. आपल्याला लागलेलं खरंच लागलेलं असतं, हे दाखला नाकारत नाही.

मग दोघांच्या विनंत्या शेजारीशेजारी वाचायला लावा. शब्द जवळजवळ तेच आहेत. दोघांनाही माफी नको आहे, मुदत हवी आहे: मला वागवून घ्या, मी फेडीन. वसुलीला गेलेल्या माणसाला यातला फरक लगेच कळतो. पहिल्याचं आश्वासन कधीच पुरं होणार नव्हतं, दुसऱ्याचं चारसहा हप्त्यांत झालं असतं. जो फेडू शकत होता त्यालाच तुरुंगात टाकलं.

इथे सभेला विचारा, पहिल्या दासाने कायदा मोडला का? बहुतेक जणी ‘हो’ म्हणतील. नाही मोडला. पैसे खरोखर येणे होते आणि कर्जापायी कैद त्या काळी चालत असे. तो न्यायच मागत होता. राजाही त्याला ‘तू बेकायदा वागलास’ असं म्हणत नाही. मी तुझ्यावर दया केली, तशी तू का केली नाहीस, एवढंच विचारतो. त्या प्रश्नावर त्याचा न्याय होतो. माझ्या मते अध्यायाचा कणा हाच आहे. दया आली म्हणून न्याय उठून जात नाही. कोणत्या मापाने न्याय होणार ते दया ठरवते. याकोब 2:13 इथे जोडून वाचा, त्या वचनाचे दोन्ही भाग: दया न करणाऱ्याचा न्याय दयेविना होईल, आणि दया न्यायावर विजय मिळवते. नुसता दयेच्या विजयाचा नको.

राजाने आधी हिशेब घेतला, हेही दाखवून द्या. वही उघडल्याशिवाय माफी नाही. आणि माफ केलेलं कर्ज हवेत विरत नाही. पतसंस्थेत कर्ज माफ झालं की कर्जदार सुटतो, पण तेवढा खड्डा संस्थेच्या नफ्याला आणि निधीला पडतो. राजाने सोडलं ते राजाच्या तिजोरीतून गेलं. वधस्तंभाबद्दल बोलायची जागा ही आहे. देवाने पाप नजरेआड केलं नाही, त्याची किंमत स्वतःवर घेतली. हे सावकाश सांगा, घाई करू नका.

यानंतर एखादी बहीण विचारते, किंवा विचारत नाही पण तिचा प्रश्न जाणवतो: घरी मार खाणाऱ्या बाईने साताच्या सत्तर वेळा सोसायचं का? उत्तर तयार ठेवा, आणि स्पष्ट द्या: नाही. दाखल्यात ज्याचा गळा धरला त्याला कोणीही ‘क्षमा कर’ म्हणत नाही. ती अपेक्षा गळा धरणाऱ्याकडून आहे. सोबतीचे दास हळहळतात आणि सरळ राजाकडे जाऊन सगळं सांगतात, आणि राजा त्यांना चहाडखोर म्हणत नाही, ऐकून घेतो. तेव्हा त्या बहिणीसोबत पाळकांकडे जा, गरज असेल तर पोलिसांकडे जा. महिलांसाठी 181 आणि तातडीसाठी 112 हे क्रमांक सभेतच सांगा. 2005च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याप्रमाणे संरक्षण अधिकाऱ्याकडेही तक्रार करता येते. मनातला सूड देवाच्या हाती सोडणं वेगळं आणि मारणाऱ्याच्या हाती पुन्हा सापडणं वेगळं.

साक्ष द्यायची असेल तर नावं घेऊ नका, असं आधीच बजावून ठेवा. छोट्या मंडळीत नाव न घेताही ओळख पटते, तशी वेळ आली तर प्रेमाने मध्येच थांबवा.

शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून म्हणा, पण ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ या ओळीनंतर दोनतीन मिनिटं शांत राहा. त्या वेळात प्रत्येकीने दोन नावं आठवायची, एक आपण ज्याला देणं लागतो त्याचं आणि एक जो आपल्याला लागतो त्याचं. मग उरलेली प्रार्थना पुरी करा.

सभा शक्यतो प्रभुभोजनाच्या रविवारच्या आठवडाभर आधी ठेवा. वेदीपाशी दान ठेवून आधी भावाशी समेट करायला जा, असं मत्तय 5:23-24 मध्ये आहे, आणि जायला हातात दिवस तर हवेत. पुढच्या सभेला जक्कय नावाच्या जकातदाराची गोष्ट घ्या, लूक 19. सभेनंतर कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन विचारतं की भिशीचे किंवा भावाच्या वाटणीचे पैसे खरंच आपल्याकडे राहिले आहेत, आता काय करू? जक्कयाने फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. तिला म्हणा, निदान मुद्दल तरी या महिन्यात पोचतं कर.