मेस किंवा डबा चालू करायचाय? आधी पंधरा दिवस पेठेत फिरा, भांडी नंतर घ्या

गेल्या महिन्यात ओळखीतल्या दोघांनी सेम प्रश्न विचारला, पुण्यात एमपीएससीच्या पोरांसाठी डबा चालू करायचाय, भांडवल किती लागेल. मी म्हटलं भांडवलाचं नंतर बघू, ज्यांना डबा द्यायचाय त्यातल्या किती जणांशी बोललात ते सांगा. दोघंही गप्प. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. आमच्या घरचा डबा नवी पेठेत चालू करायच्या आधी मी काय काय केलं आणि काय करायचं राहून गेलं, दोन्ही सांगतो. तुमचं डब्याचं नसेल, अभ्यासिका असेल, लॉन्ड्री असेल, तरी पद्धत बरीचशी हीच लागू पडते.

सगळ्यात आधी, "आम्ही घरगुती डबा चालू करतोय, घ्याल का" हे कुणालाच विचारू नका. मी पहिले तीन-चार दिवस हेच विचारत फिरलो आणि जो तो म्हणायचा हो दादा, घरच्यासारखं मिळत असेल तर कोण नाही म्हणेल. पोरं खोटं बोलत नाहीत हो, समोरच्याचं मन मोडवत नाही एवढंच, आणि हो म्हणायला पैसे कुठं पडतात. असल्या होकारावर शंभर डबे विकत घेऊन बसलेले लोक मी बघितलेत, आणि बघून फार वाईट वाटतं, कारण ते पैसे बहुतेक वेळा बायकोचे दागिने मोडून नाहीतर पतसंस्थेतून काढलेले असतात.

विचारायचं ते झालेल्या गोष्टीबद्दल. काल दुपारी कुठं जेवलास? किती दिलेस? आत्ताची मेस कधी लावली? त्याच्या आधी कुठं होतास आणि ती का सोडलीस? यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, तो विचारला की गप्प बसायचं आणि ऐकायचं, मधेच आपल्या आईच्या हाताची चव सांगायला जायचं नाही. मी शास्त्री रोडच्या चहाच्या टपऱ्यांवर, अभ्यासिकांच्या खाली, असं करून तीसेक पोरांशी बोललो, रोज संध्याकाळी घरी येऊन वहीत लिहून काढायचो, आणि लिहायचं ते त्यांच्याच शब्दात, आपल्या भाषेत नाही.

मला वाटलं होतं सगळे चवीबद्दल बोलतील. चवीबद्दल बोलले पण मेस सोडायचं कारण विचारलं की वेगळंच निघायचं, आणि सगळ्यात जास्त वेळा निघाला तो खाडा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाडा म्हणजे ज्या टाइमाला आपण जेवलो नाही तो टाइम महिन्याच्या हिशेबातून वजा करणं किंवा पुढं ढकलणं. बऱ्याच ठिकाणी नियम असतो की सलग तीन दिवस नसाल तरच खाडा धरणार. एका पोरानं मला मोबाईलमधली नोंद काढून दाखवली, तारीखवार लिहिलेली, ४ ला रात्री, ९ ला दोन्ही टाइम, १५-१६-१७ गावी, २२ ला रात्री, आणि मेसवाल्यानं त्यातले फक्त गावचे तीन दिवस धरले होते. तो पोरगा लातूरकडचा, वडील शेती करतात, त्यानं ते सांगताना आवाज चढवला नाही की काही नाही, फक्त म्हणाला दादा, चार टाइमाचे पैसे म्हणजे माझी आठवड्याची झेरॉक्स निघते. त्या दिवशी मला कळलं आपण काय विकायचंय ते. पुढं आम्ही नियम केला, आदल्या रात्री नऊच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज टाकला तर एका टाइमाचासुद्धा खाडा धरणार, आणि आमचा डबा चवीआधी त्या नियमामुळं माहीत झाला. हे घरात बसून सुचलं नसतं.

दुसरं काम, आसपासच्या मेसमध्ये स्वतः पैसे देऊन जेवा. एकदा नाही, त्याच मेसमध्ये मंगळवारी दुपारी, गुरुवारी रात्री आणि रविवारी फीस्टला (आठवड्यातलं गोडाधोडाचं खास जेवण) असं तीनदा तरी, कारण रविवारी सगळेच चांगलं देतात. बघायचं काय तर पोळी गरम आहे का, दुपारची भाजीच रात्री वेगळ्या फोडणीत येते का, वरण कितीदा मागावं लागतं, डाळीत पाणी कधी वाढतं (साडेनऊनंतर येणाऱ्यांना विचारा, ते बरोबर सांगतील). आणि ताटं परत जातात त्या पिंपाजवळ पाच मिनिटं उभं राहा. काय टाकलं जातंय ते डोळ्यांनी दिसतं, मला तिथंच दिसलं की दुधी आणि कोबी भरभरून परत जातो आणि शेंगदाण्याची चटणी कधीच परत जात नाही. आम्ही सोलापूरकडचे, चटणी घरात असतेच, पण ती डब्यात रोज द्यावी हे तोवर डोक्यात नव्हतं. भाकरीचंही तेच, तिकडं राहणारी पोरं बरीचशी मराठवाडा, विदर्भ, सोलापूर, नगर अशा भागातली, आठवड्यातून दोनदा ज्वारीची भाकरी मिळाली तरी खूश असतात.

मेसवाल्यांशी वाकडं वागू नका. मी एका काकूंना सरळ सांगितलं की आम्हीपण सुरू करायचं म्हणतोय, त्यांनी उलट पोळ्या लाटणाऱ्या बायकांचे दर, गॅस किती दिवस पुरतो, डबे पोचवणारा पोरगा किती घेतो सगळं सांगितलं.

आता गिऱ्हाईक किती आहे ते मोजायचं. पुण्यात एवढी लाख पोरं अभ्यास करतात वगैरे आकडे बाजूला ठेवा, ते खरे असले तरी तुमच्या कामाचे नाहीत, तुमचा डबा दहा मिनिटं चालत जाईल तेवढ्यातच विकला जाणार. तेवढ्या भागात अभ्यासिका किती ते चालत जाऊन मोजा, प्रत्येकीत खुर्च्या किती, त्यातल्या भरलेल्या किती, आणि दुपारी एक ते दोन खाली उभं राहून बघा किती जण मेसला चाललेत, किती जणांचा डबा वर जातोय आणि किती जण वडापाव खाऊन परत बसतायत. वडापाववाल्याशी जरूर बोला, कारण तुमची खरी स्पर्धा बऱ्याचदा त्या वडापावाशीच असते, दुसऱ्या मेसशी नाही. महिना संपत आला की गावाकडून पैसे यायच्या आधीचे पाच-सहा दिवस एक टाइम जेवण आणि एक टाइम वडापाव असंच चाललेलं असतं, हे मला कुणी सांगितलं नाही, २५ तारखेनंतर तिथं उभं राहिल्यावर दिसलं.

मग कॅलेंडर. हे फार जण विसरतात. या धंद्याचा सीझन पाऊस-उन्हाळ्यापेक्षा परीक्षेवर चालतो. आयोगाच्या वेबसाइटवर वर्षाचं अंदाजित वेळापत्रक येतं ते डाउनलोड करा आणि त्यावर पेनानं खुणा करा, पूर्व परीक्षा झाल्यावर किती जण गावी जातात, दिवाळीला किती दिवस पेठ रिकामी असते, नवीन बॅच कधी येते. आणि वेळापत्रक हलतं हेही धरून चाला. मार्च २०२१ मध्ये पूर्व परीक्षा तोंडावर असताना पुढं ढकलली तेव्हा हीच पोरं नवी पेठेत रस्त्यावर उतरली होती, ऑगस्ट २०२४ मध्ये परत आंदोलन झालं आणि २५ ऑगस्टची परीक्षा पुढं जाऊन १ डिसेंबरला झाली. पोरांसाठी तो काळ किती अवघड असतो ते जवळून बघितलंय, आणि त्यांच्या जेवणावर चालणाऱ्या घरांचंही गणित त्या एका घोषणेनं बदलतं, कुणी महिनाभर जास्त थांबतो, कुणी कंटाळून गावी जातो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर पेठा रिकाम्याच झाल्या. त्यामुळं जागेचं भाडं ठरवताना वर्षात दोन-तीन महिने निम्मे डबे जाणार असं धरूनच ठरवा.

हिशेब उलट्या बाजूनं करायचा. आपला खर्च अधिक नफा असा भाव ठरत नाही, पोरं आज किती देतायत तिथून मागं यायचं. समजा एका टाइमाचे महिन्याला १,८०० मिळणार, म्हणजे ३० टाइम धरले तर डबा ६० ला पडला, त्यातून चार खाडे गेले तर हातात १,५६०. या ६० मध्ये पोळ्या, भाजी, वरणभात, गॅस, पोचवणं, भाडं सगळं बसतंय का बघा. किलोभर कणकेत मध्यम आकाराच्या साधारण ३० पोळ्या होतात, ते घरी एकदा मोजूनच बघा, अंदाजानं नको. प्रत्येक गिऱ्हाइकामागं दोन डबे लागतात, एक त्याच्याकडं असतो तेव्हा दुसरा भरायला हवा, आणि डबे हरवतात, झाकणं तर जास्तच. गॅस घरचा लाल १४.२ किलोचा सिलिंडर वापरून चालत नाही, धंद्याला १९ किलोचा कमर्शियल लागतो, हिशेब त्याच भावानं करा नाहीतर कागदावर नफा दिसेल आणि खिशात नसेल. घरून करत असलात तरी एफएसएसएआयची (खाद्यपदार्थांच्या सुरक्षेचं सरकारी प्राधिकरण) नोंदणी लागते, ती त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर होते. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) सरकारी साइटवर फुकट होते, त्यासाठी कुणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका.

एवढं झालं की मग छोटी ट्रायल. दहा डबे, दहा दिवस, आणि पैसे घेऊन. फुकट चाखायला दिलेल्या डब्याला सगळेच छान म्हणतात, त्यातनं काहीच कळत नाही. लिज्जत पापड १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला तेव्हा पहिल्या दिवशी चारच पाकिटं झाली होती, पण ती विकली होती, वाटली नव्हती. आम्ही पाच दिवसांचे पैसे आधी घेतले. ज्या तीस जणांनी आधी हो म्हटलं होतं त्यातल्या अकरा जणांनी पैसे काढले, म्हणजे बघा. आणि ट्रायल चालू करायच्या आधीच वहीत लिहून ठेवलं होतं की पाच दिवसांनी निम्म्याहून जास्त जणांनी आपणहून पुढचे पैसे दिले तरच जागा बघायची, कारण एकदा आई पहाटे चारला उठून पोळ्या लाटायला लागली की मन म्हणतं चालेल हो, होईल हळूहळू, तेव्हा आधी लिहिलेलं कामाला येतं.

आणि आता माझ्याकडून राहून गेलेली गोष्ट. मी बोललो ती सगळी पोरं टपरीवर उभी असणारी. मुली तिथं फारशा थांबत नाहीत, त्यामुळं वहीत एकाही मुलीचं बोलणं नव्हतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही. दोन महिन्यांनी एका मुलीनं फोन करून विचारलं, दादा दोनच पोळ्यांचा डबा मिळेल का, आम्ही चौघी जणी आहोत, उरलेलं टाकायला जीव होत नाही, आणि रात्री आठच्या आत हॉस्टेलच्या गेटवर आणून द्याल का, मेसमध्ये त्या गर्दीत बसायला नको वाटतं. तेव्हा कुठं डोळे उघडले. पुढं हाफ डबा चालू केला, आज आमचे जवळजवळ निम्मे डबे तेच आहेत. सुरुवातीलाच दोन गर्ल्स हॉस्टेलच्या मावशींशी बोललो असतो, किंवा माझ्याऐवजी बहिणीला पाठवलं असतं, तर दोन महिने वाचले असते. म्हणून तुमची वही अर्धी भरली की थांबा आणि बघा यात कोण कोण नाहीये, मग मुद्दाम त्यांच्याकडं जा. जे सकाळी सातला अभ्यासिकेत शिरतात आणि रात्री अकरालाच खाली येतात, जे नोकरी करून अभ्यास करतात, जे खोलीवर स्वतः कुकर लावतात, ही माणसं चहाच्या टपरीवर सापडत नाहीत.

ट्रायलमध्ये जो पाच दिवसांनी थांबेल त्यालाही फोन करा, परत ये म्हणून नाही, का सोडलं एवढंच विचारायला. आमच्या एकानं सांगितलं, भाजी चांगली आहे पण डबा उघडताना वरण सांडतं, अभ्यासिकेत पुस्तकावर पडलं. दुसऱ्या दिवशी जाऊन रबराच्या रिंगवाले डबे बघितले.