मायोर्काच्या डोंगरातली १७० किलोमीटरची फेरी: या चुका टाळा

दोनशे किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या आत मारलेली असली की १७० किलोमीटर हा आकडा किरकोळ वाटायला लागतो. मलाही वाटला होता. स्पेनच्या मायोर्का बेटावर पोर्ट दे पोलेन्साहून निघायचं, सेरा दे त्रामुंतानाच्या डोंगररांगेतून सोयेर गाठायचं आणि बुन्योला, ओरिएंत, अलारो करत आतल्या गावांमधून परत यायचं. अंतर बरोबर मोजलं होतं. चढ मात्र तीन हजार मीटरच्या आसपास निघाला, आणि त्याहून वाईट म्हणजे कुठला चढ किती वाजता पायाखाली येणार याचा विचारच केला नव्हता.

सा कलोब्राला उशिरा पोहोचणं

सा कलोब्रा हा समुद्राकाठापर्यंतचा घाट वाटेत लागत नाही, तो मुद्दाम करावा लागतो. मा-१० या डोंगररस्त्याला फाटा फुटतो, साधारण ६८० मीटर उंचीची खिंड ओलांडून तो थेट समुद्रापर्यंत उतरतो आणि तिथेच संपतो. परतीचा रस्ता तोच. साडेनऊ किलोमीटर, सरासरी ७ टक्के चढ, २६ तीव्र वळणं. एका जागी तर रस्ता गोल फिरून स्वतःच्याच खालून जातो. तिथले लोक त्याला 'टायची गाठ' म्हणतात. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अंतोनियो पारिएत्ती या अभियंत्याने तो आखला.

मी फाट्यावर पोहोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते, म्हणजे पर्यटकांच्या बसची ऐन वेळ. उतारावर एका वळणात वर येणारी बस आणि खाली जाणारी बस समोरासमोर अडकल्या. एक ड्रायव्हर वितावितानं मागे घेतोय, दुसरा हात बाहेर काढून आरसा दुमडतोय, आणि मागे आम्ही दहा-बारा जण एक पाय खाली टेकवून उभे. तापलेल्या ब्रेकचा वास येत होता. वर चढायला लागलो तेव्हा भर दुपार. चुनखडीच्या पांढऱ्या कातळांवरून उन्हाची झळ परत अंगावर येते, सावली नावाला. त्यामुळे पहाटे उजाडताच निघा आणि नऊच्या आसपास खाली पोहोचा. खालून सोयेरच्या बंदराला बोट जाते, पण समुद्र खवळला की ती बंद. तिच्या भरवशावर बेत आखू नका.

वर आल्यावर घड्याळ बघा. पाय गेले असतील तर ल्युकच्या मठाजवळच्या पेट्रोल पंपापर्यंत मागे जा आणि कायमारीकडे उतरा. ही पळवाट आधीच नकाशात टाकून ठेवा, कारण सोयेरला उतरल्यावर पुन्हा डोंगर चढल्याशिवाय सुटका नाही.

चुकीची दिशा धरणं

फेरी घड्याळाच्या उलट दिशेनेच करा. तसं केलं की पुच मायोरची खिंड सोप्या बाजूने येते आणि सोयेरपर्यंत १४ किलोमीटरचा उतार फुकट मिळतो. घड्याळाच्या दिशेने गेलात तर तोच उतार चढ होऊन दुपारच्या उन्हात समोर उभा. खिंडीत भुयार आहे, पुढचा-मागचा दिवा हवाच.

नकाशावर डोळे मिटून विश्वास

सोयेर ते बुन्योला सरळ बोगदा दिसतो, पण त्यात सायकलला बंदी आहे. वरून जुना घाट आहे: पन्नासहून जास्त वळणं, गाड्या तुरळक. मला तर अख्ख्या फेरीतला हाच तुकडा सगळ्यात आवडला. तसंच इन्काजवळच्या मा-१३ महामार्गावर सायकल चालत नाही. सेल्वा, कांपानेतमधल्या आतल्या रस्त्यांनी या.

ब्रेक न तपासणं

हे आपल्याकडच्यांसाठी खास. आपल्या हाताला बहुतेक वेळा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा, ही सवय असते. तिथे भाड्याच्या सायकलला सहसा डावा पुढचा असतो. दुकानातच तपासा, हवं तर बदलून मागा, नाहीतर उतारावर घाबरून दाबलेला ब्रेक भलत्याच चाकाला लागतो. वाहतूक उजवीकडून, चौकातला गोल फेरा डावीकडून येणाऱ्याला आधी. पहिला दिवस सपाटीवर घालवा. आणि गिअर हलका मागा, पुढे ३४ दात्यांचं चक्र, मागे ३२ किंवा ३४ चं. यात कमीपणा काही नाही.

दुकानांवर विसंबणं

ल्युक सोडल्यावर सोयेरपर्यंत खाण्यापिण्याचे पर्याय मोजकेच. दोन्ही बाटल्या पंपावरच भरा. गावातली दुकानं दुपारी बंद होतात, रविवारी तर बरीचशी उघडतच नाहीत. बार मात्र सापडतो. तिथे 'पा अंब ओली' मागा: टोमॅटो चोळलेला पाव, ऑलिव्हचं तेल, वर चीज. शाकाहाऱ्यांनी एनसाइमादा या गोल गोड पावापासून जपून. त्याच्या नावातच डुकराची चरबी आहे. 'साइम' म्हणजे तीच. घरची चिक्की सगळ्यात भरवशाची.

शेवटचे वीसेक किलोमीटर सपाट म्हणून हलके धरू नका. गरम दिवशी दुपारनंतर समुद्रावरून 'एंबात' हा वारा सुटतो आणि पोलेन्साकडे परतताना तो थेट तोंडावर येतो. मला तिथे सपाटीवर १८ चा वेग राखता राखेना. कांपानेतच्या चौकात कॉफीला थांबा, जोडीदार असेल तर तिथून आळीपाळीने पुढे राहा.