कर्नल कोसळण्याआधी करायची तयारी

लिनक्सचं मशीन गोठतं, आपण बटण दाबून ते परत सुरू करतो, लॉग उघडतो, तर शेवटची ओळ ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनची आणि पुढे काहीच नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हे पाहिलंय. लॉग डिस्कवर लिहिणारा जर्नलडी हा साधा प्रोसेस आहे आणि तो चालतो कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, जिवावर. कर्नल पॅनिक झाला, म्हणजे न सावरता येणाऱ्या चुकीने पूर्ण थांबला, की लिहायला कोणी उरत नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की क्रॅशचा तपास क्रॅशच्या आधी सुरू व्हायला हवा.

सगळ्यात आधी 'व्हार/लॉग/जर्नल' हे फोल्डर आहे का बघा. नसेल तर बहुतेक ठिकाणी जर्नल फक्त मेमरीत राहतो आणि रीबूटबरोबर जातो. असेल तर 'जर्नलसीटीएल'ला 'के' आणि 'बी उणे १' हे पर्याय द्या, मागच्या बूटमधले कर्नलचे संदेश दिसतील. नुसता ऊप्स असेल, म्हणजे कर्नल अडखळून पुढे चालत राहिला असेल, तर एवढ्यावर काम भागतं. त्यानंतर 'सिस/एफएस/पीस्टोअर' तपासा. यूईएफआय (नव्या पद्धतीचं बूट फर्मवेअर) असलेल्या बऱ्याच मशीनवर कर्नल मरता मरता संदेशांचा शेवटचा भाग फर्मवेअरच्या मेमरीत ठेवून जातो. सेवा चालवणारा सिस्टमडी तो उचलून 'व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोअर'मध्ये हलवतो, त्यामुळे मूळ जागा रिकामी दिसली तरी तिथे नक्की डोकावा.

माझा सर्वात जास्त विश्वास नेटकन्सोलवर आहे. यात कर्नल आपले संदेश यूडीपी या साध्या नेटवर्क प्रोटोकॉलने थेट दुसऱ्या मशीनकडे पाठवतो, डिस्कचा संबंधच येत नाही. ऐकणाऱ्या बाजूला एखादा जुना लॅपटॉप चालतो. त्यावर नेटकॅट हा नेटवर्कवरून आलेलं ऐकणारा प्रोग्रॅम ६६६६ पोर्टवर लावून आउटपुट फाइलमध्ये सोडायचं. दोन गोष्टी सांभाळा. वायफायच्या भरवशावर राहू नका, केबल वापरा. आणि कन्सोलची लॉग पातळी कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज' कमांडला 'एन ८' देऊन वाढवा, नाहीतर पॅनिकच्या आधीच्या सूचना पलीकडे पोचत नाहीत, आणि खरी गोष्ट बहुतेकदा त्यांच्यातच असते.

पूर्ण मेमरीची प्रत हवी असेल तर केडम्प. बूटच्या वेळी 'क्रॅशकर्नल' या पॅरामीटरने थोडी रॅम राखून ठेवायची आणि तिथे दुसरा कर्नल तयार ठेवायचा. पहिला पडला की केक्झेक ही कर्नलमधली सोय त्या दुसऱ्याला उठवते आणि तो पहिल्याची मेमरी 'व्हीएमकोअर' फाइलमध्ये उतरवून घेतो. उबुंटूवर 'लिनक्स-क्रॅशडम्प' हे पॅकेज टाकलं की बरीचशी जुळणी आपोआप होते. रीबूटनंतर 'केडम्प-कॉन्फिग शो' चालवा. तयार असल्याचं उत्तर आलं तरी तिथे थांबू नका, मुद्दाम क्रॅश करून बघा. कामाची वेळ टाळा, 'सिंक' करून डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहून घ्या, मग रूट म्हणून 'प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर'मध्ये 'सी' हे अक्षर लिहा. मशीन लगेच पडेल. परत आल्यावर 'व्हार/क्रॅश'मध्ये फाइल आली तरच केडम्प लागला असं समजा. ही व्हीएमकोअर कोणालाही पाठवू नका, तिच्यात पासवर्ड आणि किल्ल्या असू शकतात. शेजारी डीमेसेजची छोटी फाइल असते, ती डोळ्यांखालून घालून मग द्या.

आता वाचन. आमच्याकडचा एक फाइल सर्व्हर रात्री बॅकअपच्या वेळी गोठायचा. नेटकन्सोलवर आलेल्या ऊप्समध्ये 'कॉम'पुढे 'आरसिंक' हा फाइलींची प्रत काढणारा प्रोग्रॅम होता आणि सगळ्यांनी आरसिंकला दोषी ठरवलं. पण कॉम म्हणजे त्या क्षणी त्या सीपीयूवर कोण होतं, एवढंच. बघायचं 'आरआयपी'कडे, म्हणजे चूक झाली तेव्हा सीपीयू कोडच्या कुठल्या जागी होता तिकडे. तिथे कंसात रेड कार्डच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डच्या) मॉड्यूलचं नाव होतं, आणि कर्नलवरचे डाग सांगणाऱ्या 'टेंटेड'पुढे 'ओ' होता, म्हणजे मूळ कर्नलबाहेरचं मॉड्यूल लोड झालेलं. कार्डाचा तो वेगळा बसवलेला ड्रायव्हर काढून कर्नलमधलाच वापरला, तेव्हा गोठणं थांबलं.

अनेक ऊप्स लागोपाठ आले असतील तर पहिलाच वाचा, पुढचे त्याच्या पडझडीतून आलेले असतात. 'टेंटेड'मध्ये 'डी' दिसला की याआधी एक ऊप्स होऊन गेलाय, वर जाऊन तो शोधा. 'कॉल ट्रेस'मध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्या यादीत, प्रश्नचिन्ह असलेल्या ओळींवर भिस्त ठेवू नका, त्या स्टॅकवर उरलेल्या जुन्या पत्त्यांच्या असू शकतात. नल पॉइंटरच्या, म्हणजे कुठेच न दाखवणाऱ्या पत्त्याच्या, तक्रारीत पत्ता शून्याऐवजी १० किंवा १८ असा छोटा हेक्स आकडा असेल, तर रिकाम्या पॉइंटरवरून स्ट्रक्टच्या (एकत्र बांधलेल्या माहितीच्या) आतलं एखादं फील्ड वाचायला गेलेत. व्हीएमकोअर 'क्रॅश' या प्रोग्रॅममध्ये उघडायला त्या कर्नलच्या अगदी त्याच आवृत्तीची डीबग चिन्हं (पत्त्यांना फंक्शनची नावं देणाऱ्या फाइली) लागतात. ती मिळाली की 'लॉग' आणि 'बीटी' या दोन कमांडपासून सुरुवात करा.

आणि दर वेळी आरआयपी वेगळ्याच, एकमेकांशी संबंध नसलेल्या जागी सापडत असेल, तर कोड वाचणं बाजूला ठेवा. मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालू द्या, एकेक रॅमची पट्टी काढून बघा.